धुणं

माझं काम धुण्याचं.
बुसान बंदराच्या वरच्या अंगाला, सहाव्या मजल्यावर,
चार अंशांच्या थंड खोलीत
काचेच्या बरणीत एक श्वासनलिका गरगरत असते
आणि मी दर आठ तासांनी तिचं पाणी बदलते.
आधी साबण, मग मीठ, मग नुसतं पाणी,
पुन्हा साबण.
ज्याची होती तो माणूस हळूहळू तिच्यातून निघून जातो:
त्याच्या पेशी, त्याची ओळख,
सिगरेटींचा पिवळेपणा.
एकविसाव्या दिवशी उरतो नुसता घाट.
अठरा कड्या, नालासारख्या, मागून उघड्या,
भिजल्या कागदाइतक्या पांढऱ्या.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये म्हणतात.
दुसऱ्याच्या नळीने श्वास घेण्याबद्दल
कुणी काही बोलून ठेवलेलं नाही.

ही बू मल-सुन यांच्यासाठी.
वय सदुसष्ट, राहणार जेजू बेट.
चौदाव्या वर्षापासून समुद्राच्या तळाशी जाऊन
शंख आणि कालवं काढतात,
पाठीवर टाकी नाही, छातीत मावेल तेवढीच हवा.
वर आलं की त्या बायका ओठांतून शीळ सोडतात.
लांबून वाटतं, पाखरू.
प्रत्येकीची वेगळी असते म्हणे;
दिसत नसलेली सासूसुद्धा किनाऱ्यावर बसून सांगते
कोण वर आली,
कोण अजून खाली आहे.

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया.
तेवीस दिवस घशात नळी होती म्हणून वाचल्या,
आणि तीच नळी घासून घासून आत व्रण पडले,
व्रण भरत गेले तसा रस्ता बुजत गेला.
आता गळ्याला भोक आहे.
आवाज नाही. पाण्याचं तर नावच नको,
पहिलीच लाट थेट फुप्फुसात.

त्यांच्या नाकातून चिमूटभर पेशी आणल्या,
बरगडीतून थोडी कूर्चा.
मी त्या आतून-बाहेरून पेरल्या.
डॉक्टर मा म्हणतात, शेतीच आहे ही.
मला नाही पटत. शेताखाली जमीन असते.
इथे रक्त येईपर्यंत सगळं उधारीवर.

चौदा नंबरची बकरी एकेचाळीस दिवस जगली.
उघडून पाहिलं तर दोन्ही टोकं गुलाबी
आणि मधल्या तीन कड्यांचा चिखल.
रक्त तिथवर पोचलंच नव्हतं.
ती बरणीही मीच धुतली.

म्हणून या वेळी नळी आधी गळ्यात नाही बसवली.
डाव्या हाताच्या कातडीखाली, मनगट आणि कोपराच्या मध्ये,
साडेतीन महिने ठेवली,
रक्तवाहिन्यांनी शोधत यावं म्हणून.
एकदा मला खाली वॉर्डात बोलावलं.
बू आजींनी माझी बोटं धरून त्या उंचवट्यावर ठेवली.
खाली कड्या लागत होत्या, एक, दोन, तीन,
आणि त्यांच्यावरून काहीतरी टकटकत होतं.
पाटीवर लिहिलं: सुरी याच हातात असायची.
मग ते पुसून: ही कुणाची होती?
माहीत नाही, मी म्हटलं.
माहीत असू नये असाच नियम आहे.
त्यांनी पाटी बराच वेळ कोरीच ठेवली.

हातातोंडाशी आलेला श्वास
परवा गळ्यात गेला. अकरा तास लागले.

आज नववा दिवस. कॅमेऱ्यात
वरचा सांधा गुलाबी, खालचा गुलाबी,
आठव्या कडीजवळ नखाएवढा राखाडी ठिपका.
डॉक्टर मा पडद्याजवळ गेले, मागे आले,
तारीख लिहिली, बाकी काही लिहिलं नाही.
आतले केस अजून हलत नाहीत, कफ वर ढकलत नाहीत,
तेव्हा खोकावं लागणार, दर तासाला, ठरवून.
बू आजी खोकतात. घड्याळ बघून, न कुरकुरता,
जणू भरतीची वेळ सांभाळायची आहे.
समुद्र? असं त्यांनी पाटीवर लिहिलं.
डॉक्टर नाही म्हणाले.
त्यांनी प्रश्नचिन्ह तेवढं पुसलं.

मी वर आले. नवी बरणी आली आहे,
झाकणावर नुसता आकडा.
हातमोजे चढवले, साबण मोजला.
पहिलं पाणी नेहमीच जरा लालसर निघतं.
ते ओतताना मी, का कोण जाणे,
श्वास धरून ठेवते.